वेंगेन की ग्रिंडेलवाल्ड? आम्ही वेंगेन घेतलं

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला गेलो तेव्हा हाच मोठा प्रश्न होता, कुठे राहायचं, कारण दोन्ही गावांतून क्लायने शाइडेक या डोंगरखिंडीतले स्कीइंगचे स्लोप (उतार) एकच, स्की-पासही एकच. ग्रिंडेलवाल्ड मोठं, गाडी गावात जाते, दुकानं भरपूर, आणि २०२० मध्ये सुरू झालेली आयगर एक्सप्रेस केबल कार १५ मिनिटांत वर आयगर डोंगरावरच्या आयगरग्लेचर स्टेशनला सोडते, म्हणजे ज्यांना सकाळपासून स्कीइंगच करायचंय त्यांनी तिथेच राहावं. पण गर्दी खूप आहे हो.

वेंगेन १,२७४ मीटरवर, आणि पर्यटकांच्या गाड्या तिथे येतच नाहीत. गाडी खाली लाउटरब्रुनेनला लावायची आणि दातेरी रुळाच्या ट्रेनने वर. संध्याकाळी गावातून फिरताना फक्त आपल्याच बुटांखाली बर्फ करकरल्याचा आवाज, आई तर दोन-दोन मिनिटं नुसती उभी राहून ऐकायची. बाबांचा गुडघा दुखतो, तरी गावातूनच निघणाऱ्या केबल कारने मॅनलिखेन डोंगरावर गेलो आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं समोर, बाबांचा हातातला चहा गार झाला तरी लक्ष नाही!

दरीच्या पलीकडचं म्युरेन गावही शांत आणि सुंदर, पण तिथले स्लोप जास्त उभे, नवशिक्यांसाठी वेंगेनच बरं.

एक सांगतो, एका दुकानातून भाड्याने घेतलेले स्कीचे बूट मला घट्ट निघाले, टाचेला फोड आले आणि एक दिवस वाया गेला. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं चालून बघा, घाई करू नका.