क्लॅरिनेट दुरुस्तीला गेलं, परत आलं ते अर्धंच आमचं

क्लॅरिनेटचे पाच भाग सुटे होतात: माउथपीस, बॅरल (माउथपीसखालची छोटी नळी), वरचा भाग, खालचा भाग आणि भोंगा. ‘जुनं वाद्य नव्यासारखं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ते द्याल तेव्हा पाचही भागांचे वेगवेगळे फोटो काढा, नंबर लिहून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या. आमच्याकडे असा एक जण येऊन गेला. वाद्य चकचकीत होऊन परत आलं, फक्त वरचा भाग दुसऱ्याच कुठल्यातरी क्लॅरिनेटचा होता.

वाद्य माझ्या सासऱ्यांचं. सांगली-मिरज भागातल्या वरातींत त्यांनी ते वर्षानुवर्षं वाजवलं. ते गेल्यावर पेटी माळ्यावर गेली. पुतण्याला शिकायचं होतं म्हणून खाली काढली, तर पॅड (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या) उंदराने कुरतडलेले, दोन स्प्रिंगा गंजून तुटलेल्या, सांध्यांवरची बुचं सुकून भुगा झालेली. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत, पण चाव्यांच्या वाद्याला हात लावणारं कुणी मिळेना. शेवटी ओळखीतल्या कुणीतरी या माणसाचा फोन नंबर दिला.

त्याने वाद्य हातात घेतलं, वरचा छाप दाखवला आणि म्हणाला, “वहिनी, हे १९१४ च्या लढाईच्या वेळी गोऱ्या पलटणीबरोबर आलेलं आहे. दुरुस्त केलं की दीड लाखाला डोळे झाकून जाईल. गिऱ्हाईक मीच आणतो.”

छाप होता ‘बूझी अँड हॉक्स, लंडन’. आता हे समजून घ्या, कारण अशा बाजारात सगळ्यात जास्त खोटं वयाबद्दल बोललं जातं. बूझी आणि हॉक्स या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. त्या एकत्र आल्या १९३० मध्ये. म्हणजे दोन्ही नावं एकत्र असलेलं वाद्य १९३० च्या आधीचं असूच शकत नाही, मग १९१४ ची पलटण कुठून आली? छापाखाली ‘एजवेअर’ असंही होतं. उत्तर लंडनमधल्या एजवेअरला त्यांचा कारखाना होता, आणि त्याच नावाचं हे लाकडी मॉडेल विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी वादकांसाठी मोठ्या संख्येने निघायचं. वाद्य चांगलं, दणकट. पण दुर्मीळ अजिबात नाही. हे सगळं मला नंतर सांगितलं आमच्या गल्लीतल्या हवालदार काकांनी. ते लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेत.

ठरले बावीस हजार, त्यातले नऊ आगाऊ. पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर मागितले, पावती नाही. जाताना म्हणाला, “पेटीला कुबट वास येतोय, ती राहू द्या घरीच.” त्याच्या दृष्टीने चूक झाली ती एवढीच. लगीनसराईत एका खोलीत चार-चार बँडवाले झोपतात, वाद्यं सरमिसळ होतात, म्हणून सासऱ्यांनी पेटीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने वाद्याचा नंबर लिहून ठेवला होता.

पावसाळा संपता संपता वाद्य आलं. चाव्यांना झगझगीत निकेल, अंग काळंभोर. उरलेले पैसे घेऊन तो गेला. पुतण्या वाजवायला लागला तर डाव्या हाताचे, म्हणजे वरच्या भागाचे सूर चढे आणि उजव्या हाताचे, म्हणजे खालच्या भागाचे उतरलेले. बॅरल थोडं बाहेर ओढून सगळं वाद्य उतरवता येतं, पण इथे एक बाजू जुळवली की दुसरी बिघडायची. पोराला वाटलं आपलीच फुंक कच्ची.

हवालदार काकांनी ते पाहिलं आणि आधी वाजवलंच नाही. दोन्ही भाग सुटे करून खिडकीपाशी नेले, आतल्या पोकळीत टॉर्च मारला. खालच्या भागात लाकडाच्या रेषा दिसत होत्या, वरच्यात काहीच नाही, सगळं गुळगुळीत. मग कापसाला स्पिरिट लावून वरचा भाग पुसला. कापूस काळा झाला आणि खालून मातकट हिरवट रंग निघाला. अंगठ्याने जोरात घासून त्यांनी माझ्या नाकाशी धरला. गंधकाचा वास.

ते इबोनाइट होतं, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हात आणि उजेडात वर्षानुवर्षं राहिलं की ते असं हिरवट-तपकिरी पडतं. उष्ण मुलखात लाकूड तडकतं म्हणून पलटणींच्या बँडना इबोनाइटची क्लॅरिनेट्स दिली जायची, त्यामुळे असे भाग आपल्याकडे भंगारात सापडतात. वजनावरून फरक कळत नाही. क्लॅरिनेटचं आफ्रिकेतलं काळं लाकूडसुद्धा इतकं जड की पाण्यात बुडतं. (कृपा करून बुडवून बघू नका.)

सुरांचा घोळही त्यातूनच. जुन्या ब्रिटिश पलटणींचा सूर आजच्यापेक्षा चढा होता: आजचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, त्यांचा ४५२ च्या वर. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो चालला. चढ्या सुराचं वाद्य आखूड असतं आणि त्याची भोकंही जवळ जवळ असतात. आमच्या वाद्याला बसवलेला तुकडा अशाच एखाद्या वाद्याचा असणार, असा काकांचा अंदाज. दोन्ही भागांच्या चाव्या एकमेकींना जोडणारी जी लहान पट्टी असते, तिच्यावर ताजी झाळ होती. नंबराच्या जागी कानस फिरवलेली. खालच्या भागावरचा नंबर मात्र पेटीच्या झाकणाशी तंतोतंत जुळला.

वरचाच भाग का चोरला? कारण फुंकेची ऊब आणि ओल आधी त्यालाच लागते, म्हणून चीर जाते ती बहुतेक वेळा तिथेच. चीर नसलेला लाकडी वरचा भाग मिळाला की तडकलेल्या दुसऱ्या वाद्याला लावून ते अख्खं म्हणून विकता येतं. आमचा भाग चिरेविना होता. सासरे वाजवून झालं की आतून फडकं ओढल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत.

काकांचं मत असं की मुळात हे वाद्य दुरुस्त करण्यासारखं होतं, पण साधं: नवे पॅड, बुचं, स्प्रिंगा. निकेलची काहीच गरज नव्हती. नवीन मुलामा दिला की चाव्यांवरच्या जुन्या-नव्या खुणा सारख्या होतात, हाच त्याचा उपयोग. ते आणखी एक बोलले ते मला पटलं. जुनं झालं की व्हायोलिनचा भाव वाढतो, क्लॅरिनेटचा नाही. लाकूड आकसतं, पोकळीचा गोल बिघडतो. म्हणून दुरुस्तीचा खर्च ठरवताना आधी आपल्या हातात काय आहे ते बघायचं. बोटांच्या भोकांभोवती कड्या फक्त दोनच असतील तर ते बहुधा चाव्यांच्या मांडणीच्या जुन्या आल्बर्ट पद्धतीचं. आज शिकवणारे बहुतेक बोम या दुसऱ्या मांडणीवर शिकवतात, तिला कड्या सहा. आल्बर्ट टाकाऊ नव्हे, आपल्या जुन्या बँडवाल्यांचे हात त्यावरच बसलेत, पण नवशिक्या मुलासाठी त्यावर वीस हजार घालू नयेत. चावी किंचित वाकलेली असेल तर ती जर्मन सिल्व्हरची, सरळ करता येते. कडकन तुटलेली असेल तर ओतीव हलका धातू, त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. आणि चढ्या सुराचं वाद्य कितीही सुंदर दिसलं तरी ते हार्मोनियमबरोबर किंवा इतर वादकांबरोबर वाजणार नाही. ते शोकेसमध्ये ठेवायचं.

चीर बुजवलेली ओळखण्यासाठी स्पिरिटचा कापूस रजिस्टर चावी (मागची, डाव्या अंगठ्याची) आणि वरच्या दोन ट्रिल चाव्यांच्या (दोन सूर भराभर आलटून पालटून वाजवायच्या) भोकांभोवती फिरवा. मेण आणि बूट पॉलिश भरून विकलेली वाद्यं काकांनी बरीच पाहिली आहेत.

त्या माणसाला फोन केला तेव्हा म्हणाला, “तुम्ही दिलं तेव्हा असंच होतं.” नंतर फोन उचलणंच बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत विश्वासघातासाठी कलम ३१६ आणि फसवणुकीसाठी ३१८ आहे, अर्जात दोन्ही लिहा, कारण ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ असं आधी ऐकवलं जातं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, तो अर्जही तयार आहे. पुरावा म्हणून पेटीचं झाकण, बँक खात्याचा उतारा आणि सासऱ्यांचा वाजवतानाचा एक फोटो आहे.

आमच्या हरवलेल्या भागाचा नंबर ६१७ ने संपतो. लाकडी, बोम पद्धतीचा, ‘एजवेअर’ छापाचा. कुणी तुम्हाला वाद्य विकायला आणलं आणि वरच्या-खालच्या भागांचे नंबर जुळले नाहीत, तर वरच्याचे शेवटचे तीन आकडे जरूर बघा.