जीपीए असताना बसवलेली वरची कवळी, ८ महिन्यांचा अनुभव

मला जीपीए आहे, रक्तवाहिन्यांना सूज येणारा दुर्मिळ आजार, आधी ह्याला वेगनर्स म्हणायचे. सुरुवात हिरड्यांपासूनच झाली, लालभडक, फुगलेल्या, वर बारीक ठिपके, अगदी स्ट्रॉबेरीसारख्या. तेव्हाच्या डेंटिस्टनी पायरिया म्हणून दोनदा क्लीनिंग केलं आणि त्यात ४ महिने गेले. नाकातून खपल्या, रक्त यायला लागलं तेव्हा कुठे एएनसीए टेस्ट, म्हणजे ह्या आजारासाठीची रक्ततपासणी झाली. ह्याचा राग मला अजून आहे, कारण तोवर वरचे दात हलायला लागले होते.

नंतरच्या डेंटिस्ट मॅडमनी तोंड बघायच्या आधीच विचारलं, हाडांची गोळी चालू आहे का? स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात म्हणून मी दर रविवारी अलेंड्रोनेट घेत होते, पण ही गोळी घेणाऱ्यांची दात काढलेली जागा कधीकधी भरतच नाही, हाड उघडं पडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! त्यांनी माझ्यासमोर संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावला, रिटुक्सिमॅबच्या (प्रतिकारशक्ती दाबून हा आजार आटोक्यात ठेवणारं औषध) डोसआधी दात काढायचे आणि जखमा भरल्यावरच डोस असं ठरलं, स्टेरॉइड मात्र त्या सकाळीही चुकवायचं नाही. उरलेले ७ दात २ वेळात काढले.

अडीच महिने थांबून मग माप. कवळी साधी ॲक्रिलिकची. पहिले पंधरा दिवस 'स' म्हणताना शिट्टी वाजायची, भाकरी दुधात कुस्करून खायचे, आता पोळीभाजी व्यवस्थित जाते. पाचव्या महिन्यात ढिली झाली कारण दात काढल्यावर हाड झिजत जातं, मग आतून रीलायनिंग, म्हणजे नवीन थर देऊन घट्ट करून घेतलं.

सगळ्यात घाबरले ते तिसऱ्या महिन्यात, डावीकडे हिरडीवर जखम झाली आणि मला कळेचना की कवळी घासतेय का आजार उलटलाय. मॅडमनी कवळीला आतून पांढरी पेस्ट लावून बसवली, काढली, तर एका ठिकाणची पेस्ट पुसली गेलेली, तिथेच दाबत होती. तेवढंच घासलं आणि म्हणाल्या, कवळी काढून ठेवा, दोन आठवड्यांत भरली नाही तर हिरडीचा तुकडा तपासायला पाठवू. नवव्या दिवशी भरली, मी आरशासमोर रडले.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवतेच, कारण आपल्या जीपीएच्या औषधांवर तोंडात बुरशी पटकन होते, मला एकदा टाळू लाल होऊन आग व्हायला लागली होती. धुवायला मऊ ब्रश आणि साधा साबण, टूथपेस्टने ओरखडे पडतात.

पुढच्या महिन्यात परत रिटुक्सिमॅब आहे, त्याआधी खालची एक दाढ दाखवून घेणार आहे.