लिस्बनला एकच दिवस आहे, बेलेम करू की आल्फामा?

दोन्ही एका दिवसात होतं असं सांगणारे भेटतील, होतं पण, फक्त मग ट्रॅमच्या खिडकीतून बघितल्यासारखं होतं, त्यामुळे एकच निवडा.

बेलेम नदीकाठी आहे, सगळं सपाट, १५ नंबरची ट्रॅम थेट जाते, आईबाबा बरोबर असतील तर विचारच नको. बघायचं ते मुख्यतः जेरोनिमोस मठ. १५०१ च्या सुमारास काम सुरू झालं आणि त्याला पैसा आला आफ्रिकेहून आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या ५ टक्के करातून, म्हणजे आपल्या मलबारच्या मिऱ्याचा वाटा त्यात आहेच. आतलं दुमजली अंगण बघा, दगडात पीळ दिलेले जहाजाचे दोरखंड, वेली, काय काय कोरलंय, मी तर खांबाखांबापाशी अडकलो. चर्चमध्ये वास्को द गामाची कबर, माणूस वारला १५२४ ला कोचीनमध्ये आणि आता इथे. पुढे चालत गेलं की बेलेमचा बुरूज, त्याच्या एका बुरुजीखाली झिजलेलं गेंड्याचं तोंड आहे, गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ ला इथे पोचला होता, त्याची ती आठवण म्हणतात. गोव्यात ओल्ड गोवा फिरलेल्यांना तर इथे जास्तच मजा येईल.

आल्फामा म्हणजे टेकडीवरची जुनी वस्ती, तिचं गणित वेगळं. इथे एक इमारत बघायला जायचंच नाही, गल्ल्या बघायच्या. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मग त्सुनामी आणि आगीत शहराचा मधला भाग गेला पण आल्फामाच्या अरब काळापासूनच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या बऱ्याचशा राहिल्या. ११४७ नंतर बांधायला घेतलेलं कॅथेड्रल तिथेच. वरचा किल्ला मात्र, खरं सांगू, रायगड-राजगड केलेल्या माणसाला फार काही वाटणार नाही, आज दिसतो त्यातला बराचसा १९४० च्या आसपास नव्याने उभा केलेला आहे. वरून नदी आणि लाल कौलं छान दिसतात, ते बरंय.

पण खाली उतरून बायशा, म्हणजे भूकंपानंतर नव्याने बांधलेला तो मधला भाग, ओलांडून कार्मोच्या मठापर्यंत जाणार असाल तर आल्फामाचं पारडं एकदम जड होतं. भूकंपात छप्पर पडलं ते परत घातलंच नाही, नुसत्या कमानी आणि वर आभाळ. आणि बायशातल्या सरळ रेषेतल्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरे आहेत, पुढचा भूकंप सोसावा म्हणून, अठराव्या शतकात!

माझं मत बेलेम. फक्त सोमवार सोडून जा, मठ बंद असतो. सोमवारच हातात असेल तर आल्फामा, पण बूट चांगले घाला, पावसात तिथली दगडी फरशी भयंकर निसरडी होते आणि उतार काही संपत नाहीत.