चिंचिलासाठी कुठले दाणे? कोकणातल्या घरांपुरती तुलना

रत्नागिरी, मालवण, अलिबाग, कुठेही असा, चिंचिला पाळायचा तर घरात एसी हवाच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड, कोरड्या डोंगरांतलं हे छोटं, केसाळ, कुरतडणारं जनावर. पारा २५-२६ अंशांच्या वर गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो. एसीचं जमलंय असं धरून आपण खाद्याकडे वळू.

दाणे म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या, दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या (पेलेट). ते चिंचिलाचं मुख्य जेवण नव्हे. मुख्य जेवण वाळलेलं गवत, तेही चोवीस तास समोर हवं. दाणे दिवसाला एक ते दोन मोठे चमचे, बस्स. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि झिजतात ते गवत दाढांखाली घोळवून घोळवून चावल्यानं. ते काम महागातला महाग दाणाही करत नाही. तेव्हा पैसे बेताचे असतील तर आधी चांगलं टिमोथी गवत (थंड प्रदेशातलं एक चाऱ्याचं गवत, वाळवून विकतात) घ्या आणि उरतील त्यात दाणे. भाताचा पेंढा परसात फुकट मिळतो, पण त्यात पोषण फारच तुटपुंजं. गवताऐवजी तो चालणार नाही.

आता दुकानात दिसणारे प्रकार. रंगीबेरंगी मिश्रण आणि एकसारखे दाणे यांत निवड करायची असेल तर फार विचार करू नका, एकसारखे घ्या. मिश्रणात बिया, मक्याच्या लाह्या, बेदाणे असं काहीबाही असतं. चिंचिला वाटीत पंजे घालून नेमकं तेच वेचून खातो आणि हिरवे दाणे तळाशी तसेच राहतात. पाकिटावरचं पोषण कागदावर बरोबर असतं, पोटात जातं ते साखर आणि तेल. व्हर्सेल-लागा या कंपनीच्या ‘नेचर’ आणि ‘कम्प्लीट’ या दोन पाकिटांत हाच फरक आहे: पहिलं मिश्रण, दुसरं एकसारखे दाणे. ऑक्सबो कंपनीचे चिंचिलाचे दाणेही एकसारखेच असतात.

पाकीट उलटं करून आकडे वाचा. तंतू १८ टक्क्यांच्या वर, २० च्या पुढे असतील तर उत्तम. प्रथिनं १४ ते १८ आणि स्निग्धांश ५ टक्क्यांच्या आत. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं हवं, मका किंवा गव्हाचं नको.

ते गवत टिमोथी की लसूणघास (पाकिटावर ‘अल्फाल्फा’)? लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. वाढीच्या वयातलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मादी असेल तर ते उपयोगी पडतं. मोठ्या, धडधाकट जनावराला मात्र टिमोथीवर बेतलेले दाणे बरे. सोबत गवतही लसूणघासाचंच देत असाल तर कॅल्शियम दोन्हीकडून जातं, ते टाळा.

चिंचिलाचं पाकीट संपलं आणि मुंबईहून कुरिअर यायला आठवडा आहे, अशी वेळ इथे येतेच. तेव्हा मोठ्या सशासाठीचे साधे, टिमोथीचे दाणे बिनदिक्कत चालतात. गिनीपिगचेही निभावून नेतात. त्यात क्षार-जीवनसत्त्वांबरोबर ‘सी’ जीवनसत्त्व वरून घातलेलं असतं. गिनीपिगला ते लागतं, चिंचिला स्वतःच तयार करतो, म्हणजे तेवढे पैसे जास्तीचे. पण बाजारपेठेतल्या पशुखाद्याच्या दुकानातलं गाई-शेळ्यांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य, ‘दाणेच तर आहेत’ म्हणून, अजिबात देऊ नका. कोंबड्यांच्या खाद्यात कधी कधी औषधं मिसळलेली असतात आणि गुरांच्या खाद्यात सरकी पेंड, मळी, कधी युरियाही. सशांच्या फार्मसाठीचं पोत्यातलं खाद्य वजन झटपट वाढवायला बनवलेलं असतं. तेही नको.

खरा प्रश्न पाकिटाच्या आकाराचा आहे, आणि पुण्यासारख्या कोरड्या हवेतल्या माणसानं दिलेला ‘मोठी पिशवी घ्या’ हा सल्ला इथे नेमका तिथेच फसतो. दिवसाला वीसेक ग्रॅम धरले तर एका चिंचिलाला महिन्याला सहाशे ग्रॅम लागतात. पाच किलोची पिशवी किलोमागे स्वस्त पडते, पण ती आठ महिने पुरणार, म्हणजे मधे अख्खा पावसाळा. जुलैत आपल्याकडे बंद कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. दाणे सादळतात, त्यांतली जीवनसत्त्वं उतरत जातात, तेल खवट होतं. बुरशी धरली तर तिचं विष यकृतावर जातं, आणि ते प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसतंच असं नाही. म्हणून दीड-दोन महिन्यांत संपेल एवढंच पाकीट घ्या, किलोमागे थोडे जास्त गेले तरी. मोठ्या पिशवीतून काढून पारदर्शक पिशवीत भरलेले, तारखेशिवायचे सुटे दाणे कितीही स्वस्त असोत, सोडून द्या. पाकिटावर उत्पादनाची तारीखही बघा. परदेशी माल असेल तर बरीच मुदत वाटेतच गेलेली असू शकते.

ठेवायचं कुठे? स्वयंपाकघरात नाही. एसीची खोली घरात सगळ्यांत कोरडी, तिथेच घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ठेवा. मूळ पाकीट तसंच दुमडून आत घाला, म्हणजे तारीखही हाताशी राहते. वीज गेली की झाकण उघडू नका. फ्रिजमधून डबा रोज आत-बाहेर केला तर आतल्या बाजूला दव धरतं, तोही उद्योग नको. परीक्षा सोपी आहे: एक दाणा दोन बोटांत धरून मोडा. कट्कन तुटला आणि सुक्या गवताचा वास आला तर ठीक. दबला, पीठ झाला किंवा कुबट वास आला तर राहिलेलं पाकीट फेका, शेळीलाही घालू नका.

खाऊ म्हणून काजू, सुकं खोबरं, आंबापोळी, फणसपोळी यातलं काहीच नाही. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण काजूचा तुकडा पुढे करणारा एक काका प्रत्येक घरी असतो.

नवं पाकीट ठरलं की जुन्यात थोडं थोडं मिसळत दहा-पंधरा दिवसांत बदल करा आणि तोवर लेंड्यांवर लक्ष ठेवा. त्या कोरड्या, टणक, लांबट हव्यात. मऊ, चिकट झाल्या तर दाणे कमी करा, गवत वाढवा. खाणंच थांबलं किंवा लेंड्या बंद झाल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. किनाऱ्यावर चिंचिला हाताळलेले पशुवैद्य सहज सापडत नाहीत, तेव्हा अशा डॉक्टरांचा नंबर दाणे मागवतानाच शोधून ठेवा.