खाडीवर नेण्याजोगं ऑक्सिजन किट: घ्या, पण सोबतच्या कागदावर जाऊ नका

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं हे किट मी नववीच्या मुलांना घेऊन ठाणे खाडीत, ऐरोलीच्या बाजूला वापरते. पाचापैकी साडेतीन तारे.

पद्धत जुनीच, विंकलरची. बाटली पाण्यात बुडवूनच काठोकाठ भरायची आणि बूच लावायचं. आत बुडबुडा राहिला की सगळं फुकट. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे थेंब. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. नाल्याच्या तोंडाशी ऐन ओहोटीला भरलेल्या बाटलीत साका पांढरा धरला, तेव्हा मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. पुढे आम्ल, स्टार्च, आणि निळा रंग जाईस्तोवर थायोसल्फेटचे थेंब मोजायचे; जितके थेंब जास्त, तितका ऑक्सिजन जास्त. ‘बाई, गेला!’ ‘कुठे, झाक आहे अजून!’ मागे कोरा कागद धरला की भांडण मिटतं. तीच जागा भरतीला मोजली तर आकडा चांगला वर चढतो, म्हणून वहीत भरती-ओहोटीची वेळ नसेल तर नोंद मी धरतच नाही.

एक तारा तक्त्यापायी कापला. पाण्यात किती ऑक्सिजन असावा हे सांगणारा छापलेला तक्ता गोड्या पाण्याचा आहे. २८ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे ७.८ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात साधारण ६.४. तक्ता तसाच लावला तर धड असलेलं पाणीही आजारी ठरेल. आंघोळीच्या आणि मासेमारीच्या किनारी पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ४ मिलिग्रॅम किंवा ५० टक्के संपृक्तता (मावेल त्याच्या निम्मा ऑक्सिजन), यांतलं जे जास्त असेल ते मागतं. हे कागदावर कुठेच नाही.

अर्धा तारा ‘मोफत’ कुपीपायी. सांडपाणी असलं की ती काळी पडते म्हणे. ती पिण्याच्या पाण्यासाठी ठीक आहे. ज्या गंधकाच्या वायूने ती काळी पडते, तो करणारे जिवाणू तिवरांखालच्या चिखलात मुळातच असतात, तिथे ती काळी पडली तरी काय कळणार? मैल्याचा संशय असेल तर नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत द्या आणि फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जिवाणू, मोजून घ्या.

थायोसल्फेटच्या बाटलीवर तारीख नसते, आणि ते जुनं झालं की थेंब जास्त लागतात, म्हणजे ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दिसतो. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे नवीन पूर्ण किटच घ्या. मी आता ते द्रावण कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ताजं करून आणते. आणि मोजून झालेलं पाणी कॅनमध्ये भरून परत न्या, त्यात आम्ल असतं.