केलॉइड आणि फुगीर व्रण: कोणते इंजेक्शन कोणासाठी

इंजेक्शन ठरवण्यापूर्वी आपला व्रण कोणत्या प्रकारचा आहे हे त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घ्यावे. काजूबी फोडताना टरफलाचे तेल उडून भाजले किंवा बिब्बा उतला, की त्या जागी फुगीर व्रण उठू शकतो. तो जखमेच्या हद्दीतच राहत असेल तर पुष्कळदा वर्ष-दीड वर्षात आपोआप बसू लागतो. केलॉइड मात्र मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो आणि सहसा आपण होऊन जात नाही. कान टोचल्यावर पाळीला आलेली गाठ, छातीवर मुरुमाच्या जागी वाढलेला पट्टा किंवा बीसीजी लशीच्या खुणेवरचा उंचवटा बहुधा याच जातीचा असतो.

सुरुवात बहुतेक वेळा ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडने होते, आणि माझ्या मते ती तशीच व्हावी. मिलिलिटरला 10 ते 40 मिलिग्रॅम या प्रमाणात हे औषध साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने थेट गाठीत टोचतात. गाठ कठीण असल्याने पहिल्या खेपांना औषध आत ढकलायला बराच जोर लावावा लागतो, औषध शिरते तशी ती जागा पांढरी पडते आणि रुग्णाला चांगलेच दुखते. गाठ मऊ झाली की पुढच्या खेपा सोप्या जातात. खाज आणि ठणका आधी कमी होतो, उंची त्यानंतर उतरते. औषध गाठीऐवजी खालच्या चरबीत गेले तर मात्र तिथे खड्डा पडतो. कातडी पातळ होणे, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणे आणि सावळ्या त्वचेवर फिकट डाग उठणे हेही याचे दोष आहेत. मधुमेह असल्यास साखर वाढू शकते, म्हणून तो आधी सांगावा.

नुसत्या स्टेरॉइडला गाठ दाद देत नसेल, किंवा कातडी पातळ होऊ लागली असेल, तर त्यात 5-फ्लुरोयुरॅसिल (पेशींची वाढ रोखणारे, मूळचे कर्करोगावरचे औषध) मिसळण्याचा पर्याय मला अधिक भरवशाचा वाटतो. स्टेरॉइडची मात्रा कमी ठेवता येत असल्याने खड्डा आणि फिकट डाग यांचा धोका घटतो. दुखणे मात्र राहते, क्वचित जागा चिघळते, आणि गरोदर व स्तनदा स्त्रियांना हे औषध देत नाहीत.

ब्लिओमायसिन हे मूळचे कर्करोगावरचेच औषध हट्टी गाठींवर प्रभावी ठरते, पण टोचलेल्या जागी त्वचा काळी पडू शकते. चेहऱ्यावर किंवा गळ्यावर व्रण असेल तर हा मुद्दा दुय्यम मानू नये. गरोदरपणात तेही वर्ज्य आहे. व्हेरापामिल हे मूळचे रक्तदाबावरचे औषध स्वस्त आहे आणि त्याचे दुष्परिणाम कमी आहेत, परंतु गुण सावकाश येतो. स्टेरॉइड सोसत नसेल तेव्हाच मी त्याचा विचार करीन.

आपल्याकडे कोकणात या निवडीत अंतराचाही हिशेब धरावा लागतो. आडगावातून एसटीने तालुक्याला आणि तिथून रत्नागिरीला किंवा ओरोसला दर महिन्याला जाणे, त्यातही पावसाळ्यात, सोपे नाही. एक-दोन खेपांनी आराम पडला म्हणून उपचार मध्येच सोडले तर गाठ पुन्हा वाढू शकते, तेव्हा सगळ्या खेपा जिथे पुऱ्या करता येतील असेच ठिकाण निवडणे औषधाच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे. दोन खेपांच्या मधल्या काळात सिलिकॉनची पट्टी रोज किमान बारा तास लावता येते. मात्र घामाने ती सुटते आणि खाली घामोळे उठते, त्यामुळे ती काढून त्वचा धुऊन, कोरडी करून पुन्हा लावावी लागते.

गाठ एकदाची कापून टाकावी असे अनेकांना वाटते. नुसती कापलेली केलॉइड निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्णांत परत येते, आणि कधी आधीपेक्षा मोठी होऊन येते. कानाच्या पाळीवरची गाठ कापण्याजोगी असते, पण तिथेही नंतर इंजेक्शने किंवा दाब देणारी कर्णभूषणे लागतात. त्यासाठी मुंबईला जाणार असाल, तर नंतरची इंजेक्शने गावाजवळ कोण देणार हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.