दगडी झाली: लगेच ट्यूब, की आधी दुधाची तपासणी?

पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढल्या आणि गुठळ्या दिसल्या, म्हणजे गाईला दगडी (कासेचा दाह, मस्टायटिस) झाली, की प्रश्न ठरलेला. आत्ताच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडायची, की नमुना प्रयोगशाळेत देऊन दोन-तीन दिवस थांबायचं?

ट्यूबने वेळ वाचतो, पण औषध अंदाजाने पडतं. जंतू स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी असेल तर साधं पेनिसिलिनही बहुधा पुरतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र चिवट. त्याच्या बऱ्याच जाती पेनिसिलिन निकामी करणारं एन्झाइम तयार करतात, वर कासेच्या पेशींत दडून बसतात. ई. कोलायची सौम्य दगडी तर पुष्कळदा गाय स्वतःच निस्तरते. तिथे ट्यूबचे पैसे जातात आणि औषधाचा अंश संपेपर्यंतचं दूधही डेअरीला घालता येत नाही.

तपासणीत आधी काचेच्या बशीत जंतू वाढवतात, मग त्यांच्या थरावर औषधांच्या चकत्या ठेवून रात्रभर उबवतात. चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. अहवालात औषधापुढे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे जंतू या औषधाला दबतो) दिसला की आपण खूश! पण बशी वेगळी, कास वेगळी. जेन्टामायसिन बशीत झकास चालतं, इंजेक्शनने दिलं तर रक्तातून कासेत फार थोडं उतरतं. आणि महिनोन्‌महिने मुरलेल्या स्टॅफपुढे 'एस'वालं औषधही हात टेकतं. तिथे गाय आटवताना भाकडकाळाची ट्यूब, नाहीतर ती गाय कळपातून काढणं, एवढंच उरतं.

मी गाय बघून ठरवतो. ताप आहे, चारा सोडलाय, दूध पाण्यासारखं झालंय, तर अहवालाची वाट बघत बसू नये. डॉक्टर त्याच तासाला हवेत. अशा गाईला अँटिबायोटिकइतकीच सलाइनची आणि सूज उतरवणाऱ्या इंजेक्शनची गरज असते. (मेलॉक्सिकॅम चालतं. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक, मेलेली जनावरं खाणारी गिधाडं त्याने मरतात म्हणून, २००६ मध्येच बंद झालं.) गाय नीट खातेय, रवंथ करतेय, नुसत्या गुठळ्या आहेत, तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस थांबायला माझी ना नाही. तोच सड पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर तपासणीशिवाय ट्यूब सोडूच नये.

काहीही ठरवा, नमुना पहिल्या ट्यूबच्या आधी घ्या. सड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या, निर्जंतुक बाटली तिरकी धरून धार घ्यायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचती करायची. शेणाचा हात लागला, तर बशीत जंतू नाही, अख्खा गोठा उगवतो.